दारावरचा मोर

शकुंतलामावशींच्या झोपडीच्या दारावर मोर आहे. वस्ती सुंदर करण्याच्या चित्रकार्यशाळेत तो रंगवला गेला, आणि ती कार्यशाळा वस्तीत आमच्या संस्थेनेच आणली. मोराखाली सर्व्हेवाल्यांनी टाकलेला नंबर बुजला. त्या नंबराशिवाय पुनर्वसनात घर मिळत नाही.

काल यादीवाला साहेब आला.

"नंबर कुठाय, मावशी?"

"पिसाऱ्याखाली हाय की. खरवडून दावते."

"कशाला? छान आहे," म्हणत त्याने मोराचा फोटो काढला, यादीत 'अपात्र' लिहिलं आणि पुढच्या दाराकडे गेला.

शहराला गरिबाची भिंत रंगलेली आवडते, भिंतीआडचा गरीब नको असतो. कलेने वस्तीला ओळख मिळते, असं पत्रकात मीच छापलं होतं.

मावशी अजून उलथण्याने दार खरवडतायत. रंग निघत नाही. वर्षानुवर्षं टिकेल असा भारीतला रंग आम्हीच हट्टाने मागून घेतला होता.