पाच आवाजांतली हजेरी

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली बाई मी. त्याचा मला एवढा गर्व, की चाकूरहून लातूरला येताना एसटीत वह्या पिशवीत न ठेवता छातीशी धरून बसायची, कंडक्टरलासुद्धा दिसावं म्हणून. आणि कॉलेजात जाऊन केलं काय? पाच मैत्रिणी पिक्चरला गेल्या की मागच्या बाकावर मान खाली घालून पाच आवाजांत त्यांची "हजर सर" द्यायची. एकदा त्या नादात स्वतःच्याच नंबरला गप्प बसले. वर्गात असून गैरहजर लागले! एवढी मी हुशार.

नातीला मात्र मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं ते लॅबचं. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला की कशी विटांची घरं दिसतात, ते. त्या घरांपायी तिनं अकरावीला माझंच कॉलेज धरलं.

ॲडमिशन पक्कं करायला दोघी गेलो. गेटातून आत शिरले आणि बघतच राहिले. आमचे वर्ग पत्र्याखाली भरायचे. तिथं काचेची इमारत, लिफ्ट, बोट टेकवून हजेरी घेणारं यंत्र. यंत्रावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"लई मोठं झालं गं."

"आज्जी, पण पोरं कुठायत?"

बारावी सुरू झालेली, तरी वर्गांना कुलपं. ऑफिसातल्या बाईंनी समजावलं, "आज्जी, पोरं क्लासला असतात. क्लासवाल्यांशी आपलं टायअप हाय. तुमच्या पोरीला इथं यायची गरजच न्हाई. हजेरीचं आम्ही बघतो."

"किती जणांचं बघता?"

"समद्यांचं."

मी थक्क. पाच आवाज काढताना माझा घसा बसायचा; ह्या बाई खुर्चीवर बसून, तोंड न उघडता अख्ख्या कॉलेजची हजेरी लावत होत्या. मनातल्या मनात त्यांना हात जोडले. मग नातीच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि माझा मिश्कीलपणा जिरला.

"लॅब तरी दाखवा," मी म्हटलं.

किल्ली सापडायला अर्धा तास गेला. आत सूक्ष्मदर्शकांची रांग, कापडं पांघरून. आमच्यापेक्षा कितीतरी भारी. नातीनं एकावरचं कापड काढलं, डोळा लावला. खाली काहीच नव्हतं, तरी ती बघत राहिली.

"परीक्षेच्या आधी दोन दिवस उघडतो," बाई म्हणाल्या.

"मी रोज आले तर?" नातीनं विचारलं.

"रोज?" बाई गडबडल्या. "सर असतात म्हणा..."

"मग माझी हजेरी लावू नका. मी येईन."

घरी माझ्या मुलानं कपाळावर हात मारला. सकाळचा क्लास बुडणार! मी नातीची बाजू घेतली खरी, पण धास्ती मलाही होती. रिकाम्या वर्गात पोरगी किती दिवस बसेल?

पहिल्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"आज्जी, वर्गात मी एकटीच."

"सर आले का?"

"आले. मला बघून दारातूनच परत फिरले. म्हटलं, गेले. तर खडू घेऊन आले! समदी हजेरी घेतली, एकेक नंबर थांबून थांबून."

"बाकीच्यांची तू दिली नाहीस ना?"

"मी कशाला देऊ?"

मी घाईनं विषय बदलला, "मग पुढं?"

"मग लॅब उघडून घेतली. कांदा डब्यातलाच होता."

"दिसलं काही?"

ती ओरडलीच.

"आज्जी, घरंच घरं!"