फलाटावरची तालीम

दौंडच्या फलाटावर पुण्याची डेमू येईपर्यंत एक प्राध्यापक रोज एकटेच बोलत असायचे. कधी रडवेले होऊन हात चोळायचे, कधी दचकून मागं बघायचे. विद्यापीठात ते मनोविकारांचं निदान शिकवत. वर्गात सरांनी रुग्ण व्हायचं आणि मुलांनी प्रश्न विचारायचे, अशी त्यांची पद्धत. फलाटावर चालायची ती त्याचीच तालीम. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. तरीही मी डब्यात उठवून दिलं, "येड्यांचा अभ्यास करून करून मास्तरच कामातनं गेलं!"

डबा हसला. बातमी त्यांच्या घरमालकापर्यंत, आप्पांपर्यंत गेली आणि ते मलाच साक्षीला घेऊन खोली खाली करायला सांगायला निघाले.

"सर, घरात बायापोरं हायती. तुमचं भ्या वाटतं."

सरांनी खुर्ची पुढं केली. "बसा आप्पा. ही भीती कधीपासून वाटते?"

विचारून ते असे गप्प बसत, की समोरच्यालाच राहवत नसे. आप्पांनी मेहुण्याची, कुत्र्याची, इंजेक्शनची अशी सगळी भीती तासभर सांगितली. मी खाली बघत उभा.

शेवटी आप्पा उठले. "ऱ्हावा सर तुम्ही हितंच. म्या रविवारी येऊ का परत?"

जिन्यात सरांनी मला हळूच विचारलं, "आणि आबा, तुम्ही कधी बोलणार?"

मी गुडघ्यांचं निमित्त करून सटकलो. सर केव्हाच निवृत्त होऊन गेले, दौंडात ते अजून 'येडं मास्तर'च आहेत. ते शहाणे होते. वेड मी लावलं त्यांच्या नावाला.