पंचफुला बसली

माझी बायको पंचफुला. तिनं आजवर एकोणतीस ध्यान शिबिरायचा स्वयंपाक केला. कारंजाले, केनवडले, शेलूबाजारले, जिथं बोलावलं तिथं गेली. पण ध्यानाले एकदाही बसली नाही. लोक आतमदी डोळे मिटून बसत अन् ही बाहेर चुलीच्या धुरानं डोळे पुसत बसे. मी एसटीतला ड्रायव्हर, डोकं पयलेपासून गरम. पण या गोष्टीचा मले कदी राग आला नाही, खरं सांगतो. बायकोच्या वरणाची लोक तारीफ करत अन् मी मिशीवर हात फिरवत फिरो.

मागच्या जानेवारीत आमच्या ध्यान मंडळाच्या सतीशनं काढलं का यंदा शिबिर विहारात नाही, रानात घ्याचं. सोहोळच्या माळाले लागून हेमसिंगभाऊचं पडीक वावर हाय. कमरेएवढं गवत, पळसाची झाडं, सकाळी काळवीट चरून राह्यते. तिथं तीन दिवस मौन, ध्यान, दवावर अनवाणी चालणं, अन् जेवण बाराच्या आत एकदाच. विहारातले भंतेजी 'हाव' म्हणाले. तयारीची बैठक आमच्या घरी बसली. तंबू किती, पाण्याचा टँकर कवा, लोकायचे मोबाइल कोणत्या पोत्यात भराचे, सारं ठरून राह्यलं होतं.

पंचफुलानं चहा आणला, ताट खाली ठेवलं, अन् तिथंच उभी राह्यली.

"सतीश, माझं नाव लिही."

"लिवलं ना काकू. स्वयंपाकात पयलं तुमचंच."

"तिथं नाही. बसणाऱ्यायत लिही."

सतीश हसला, "मंग रांधणार कोण?"

"ते तुमी ठरवा. एवढं सारं ठरवून राह्यले ना."

माय वं! लग्नाले अडतीस वर्षं झाली, पण बैठकीत तिचा असा आवाज म्या पयल्यांदा ऐकला. सतीशनं नाव लिवलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. रानात तीन दिवस राहाले एकही आचारी तयार नव्हता. "काकू, या खेपेले सांभाळून घ्या. पुढच्या वर्षी नक्की बसा."

ती "बरं" म्हणाली अन् तांदूळ निवडाले बसली. मी म्हटलं, "कायले मनाले लावून घेतं? एका वर्षाचा तर सवाल हाय."

"गुडघे अजून वाकते माझे," ती ताटातून नजर न उचलता बोलली. "पुढच्या वर्षी वाकतील का, कोणाले माहीत?"

मले लय लाज वाटली. लाज वाटली का मले राग येते, अन् राग आला का तोंडातून काहीही निघते. "मी रांधतो!" म्या म्हटलं.

ती एवढी हसली का पदरानं डोळे पुसा लागले. "अजी, तुमाले चहा जमत नाही!"

"पंचेचाळीस सीटांची गाडी घाटातून उतरवली म्या. चोवीस माणसायचं वरण काय चीज हाय?"

आठ दिवस तिनं मले शिकवलं. डाळ किती, पाणी किती, जाळ कवा ओढाचा. घरात रोज वरण, रोज भांडण. शेवटच्या दिवशी चाखून म्हणाली, "जमलं बाप्पा."

पयला दिवस निभला. भाताची खिचडी झाली होती, पण मौनात तक्रार करणार कोण? दुसऱ्या दिवशी चुलीवर मोठ्या पातेल्यात डाळ शिजून राह्यली होती. इकडे पळसाखाली चोवीस जण डोळे मिटून बसले होते, पयल्या रांगेत पंचफुला. तेवढ्यात टँकरवाला हॉर्न वाजवतच आला. माझं टाळकं सरकलं. धावत गेलो अन् त्याले दबक्या आवाजात जे झाडलं, जे झाडलं! त्यानं बी तसंच दबक्या आवाजात उलटून बोललं. दोघायचं चांगलं दहा मिनिटं जुंपलं.

वळून पायतो तं धूर. डाळ लागली होती. करपल्याचा वास साऱ्या माळावर पसरला. सतीशनं एक डोळा उघडून पंचफुलाकडे पायलं. मंग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. साऱ्यायले वाटलं, आता ही उठते. मले बी तेच वाटलं. तिच्या नाकपुड्या हलल्या, म्या पायल्या. पण ती उठली नाही. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले.

वरची वरची डाळ म्या दुसऱ्या भांड्यात काढली, दोन मुठी कांदा परतून घातला अन् वाढली. पंचफुलानं ताट पुसून खाल्लं. माझ्याकडे पायलंही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मौन सुटलं. लोक धरण फुटल्यासारखे बोलाले लागले. ती एकटीच गवताच्या कडेले पाय पसरून गुडघे चोळत बसली होती. तोंडावर अशी शांती का मले तिच्याजवळ जायाची भीती वाटली. तरी गेलो.

"अवं, काल डाळीचा वास नाही आला तुले?"

"सगळ्यायच्या पयले मलेच आला."

"मंग उठली काहून नाही?"

तिनं माझ्याकडे पायलं. तिले ही इचाराची गोष्टच वाटत नव्हती.

"तुमी होते ना तिथं."