सुनंदा मॅडम ऑफलाइन

ऑफिस हलवलं की कपाटामागून काय काय निघतं! गंजलेल्या टाचण्या, सुकलेली गोंदाची बाटली, कुणाचा तरी एकच मोजा. आमच्या ऑफिसमागून किस्से निघाले, आणि तेही एकाच प्रिंटरचे. चहाला बसलो की कुणीतरी सुरू करतं आणि बाकीचे हसतात. शेवटचा किस्सा मात्र हल्ली कुणी काढत नाही. वाईट वाटतं.

आमची भाजीपाला बियाण्यांची एजन्सी. जुनं ऑफिस पंचवटीतल्या एका गल्लीत, तळमजल्यावर. प्रिंटर सुनंदा मॅडमच्या टेबलाला लागून. बिलं, दरपत्रकं, सगळं त्याच छापायच्या. नेटवर्क जोडणाऱ्या माणसाने विचारलं, "प्रिंटरला नाव काय देऊ?" साहेब फोनवर होते. त्यांनी प्रिंटर कुठे ठेवायचा ते विचारतोय असं समजून मॅडमच्या टेबलाकडे बोट दाखवलं. त्याने नाव टाकलं, ‘सुनंदा मॅडम’!

मग काय! "सुनंदा मॅडम गरम झाल्यात, पाच मिनिटं थांबा." "सुनंदा मॅडमनी परत कागद खाल्ला!"

एकदा लासलगावकडचे एक आजोबा टोमॅटोचं बी न्यायला आले होते. बिल का अडलंय म्हणून विचारलं, तर आमचा सेल्समन भामरे म्हणाला, "मॅडम सकाळपासून बंद पडल्यात. मागून दोन चापट्या मारल्या की होतील चालू."

आजोबा ताडकन उठले. "आरं, बाईमाणसावर हात उचलता? लाज नाय वाटत?"

खऱ्या सुनंदा मॅडम समोरच बसल्या होत्या. पदराने डोळे पुसत हसत राहिल्या.

*

नवं ऑफिस गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. सामान निघालं तेव्हा मॅडम प्रिंटर मांडीवर घेऊन रिक्षाने यायला तयार होत्या. साहेब म्हणाले, "तुम्ही कशाला दगदग करता? प्रिंटर लागला की बोलावतो. तोवर घरी आराम करा."

आराम हा शब्द मॅडमना कधीच मानवला नाही. घरी त्या एकट्याच. "घरात नुसता फ्रिजचा आवाज," असं म्हणायच्या, "इथे निदान तुमची भांडणं तरी ऐकू येतात." तेव्हाच कुणीतरी "त्यांना आत्ताच येऊ द्या" म्हणायला हवं होतं. पण आम्हाला वाटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

*

भामरे सटाण्याकडचा, गडी कामाला वाघ. त्याने प्रिंटर टेम्पोत आडवा घातला आणि वर साहेबांची खुर्ची उलटी ठेवली. उतरवताना बघतो तर शाई सगळी खुर्चीवरच्या पांढऱ्या टॉवेलला!

"हाई काय शे!" भामरे ओरडला.

साहेबांनी टॉवेल उलगडून पाहिला. "भामरे, रंगपंचमी होऊन गेली रे!"

*

शाई बदलली, पण त्याआधी पूजा झाली होती. पंचवटीतल्या गुरुजींनी सगळ्या यंत्रांना कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. प्रिंटरचं तोंड उघडंच होतं. अक्षता पोटात!

चालू केल्यावर आधी करकर, मग एक कागद बाहेर आला, कोपऱ्यात कुंकवाचा ठसा घेऊन. साहेब म्हणाले, "शुभ आहे, हेच दरपत्रक पाठवा."

दुसऱ्या दिवशी येवल्याच्या दुकानदाराचा फोन. "पत्रिका पोचली. लग्न कुणाचं हाय?"

त्या कागदानंतर प्रिंटरने एकही कागद काढला नाही.

*

रोज सकाळी मॅडमचा फोन यायचा. "लागला का?" एकदा त्यांनी सांगितलं, "डावीकडून कलतो तो, खाली पुठ्ठा घाला." घातला. तरी नाही लागला.

फोन वाजला की भामरे जागेवरूनच ओरडायचा, "अजून नाही लागला!" शेवटी शेजारच्या ऑफिसातल्या बाई येऊन म्हणाल्या, "एवढा ताण घेऊ नका हो. निकाल आज ना उद्या लागेलच. मुलगा तुमचाच का?"

भामरेचं लग्न व्हायचंय अजून!

मॅडमना फोनवर हे सांगितलं तर खूप हसल्या. मग म्हणाल्या, "पण लवकर लावा रे."

*

शेवटी साहेबांनी नवीन टेक्निशियन आणला. आम्हा कुणाला ओळखत नव्हता. खाली मान घालून कामाला लागला. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. आज नक्की लागणार, त्यांनाही ऐकू दे, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून प्रिंटरशेजारी ठेवला.

टेक्निशियन स्क्रीनकडे बघतच मोठ्याने म्हणाला, "सर, इथे ‘सुनंदा मॅडम’ म्हणून कुणीतरी आहे. ऑफलाइन दाखवतंय. जुनं आहे, उगाच जागा अडवून बसलंय. काढून टाकू?"

साहेब दारात उभे होते, हातात मोबाईल. आता ज्याची त्याची प्रिंट ज्याच्या त्याच्या मोबाईलवरून निघणार, म्हणून खुशीत होते. फोन चालू आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"टाका काढून," ते म्हणाले. "आता काय गरज आहे?"

भामरेने फोनकडे झेप घेतली. पण तोवर प्रिंटर घरघरला आणि एक स्वच्छ कागद बाहेर आला. कुणी तो उचलला नाही.

"लागला वाटतं," फोनमधून मॅडमचा आवाज आला. "आवाज ऐकला मी."

"हो मॅडम," मी म्हणालो.

"बरं झालं. पुठ्ठा तेवढा काढू नका हं."