पेवात ठेवलेले शेअर्स

"विका तात्या, आत्ताच्या आत्ता विका!" हवालदार महादेवराव माझ्या सांगलीच्या ऑफिसात उभ्यानेच ओरडत होते. त्यांच्या हातात पेपर, माझ्या हातात मुंबईच्या ब्रोकरची तार. बातमी एकच. शंभरचा शेअर बासष्टवर आला होता.

कंपनी नवी, कारखान्यांतली यंत्रं फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी बनवणारी. लढाई नुकतीच संपलेली. हा धंदा चालेल की बसेल, कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे भाव माकडासारखा वर-खाली करायचा. हवालदारांनी पलटणीत साठवलेली सगळी पुंजी त्यात घातली होती. वाढवून विहिरीवर इंजिन बसवायचं होतं. मी ब्रोकरचा एजंट. सल्ला देणं माझं काम, म्हणून दिला: आज विकू, आणखी पडला की स्वस्तात परत घेऊ. ऐकायला फार सोपं वाटतं.

"सर्टिफिकेट आणा," मी म्हणालो. कंपनीचा तो छापील कागद दिल्याशिवाय शेअर विकता येत नसे.

हवालदारांचा चेहरा पडला. "त्ये पेवात हाय."

पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची आणि भाव येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं विसरून जायचं. चोराचं भय नको म्हणून त्यांच्या बायकोने, पारूबाईंनी, कागद डब्यात घालून, मेणाने बंद करून हळदीत पुरला होता.

आम्ही सायकली हाणत हवालदारांचं गाव, हरिपूर, गाठलं. पारूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या.

"पेव उघडायचं हाय," हवालदार म्हणाले.

"हळदीला भाव आला व्हय?"

"न्हाई. कागदाचा पडला."

"आवं, हळदीचा पडला तवा मला दम धर म्हनला. आन कागदाला दोन दिसांत घाम फुटला?"

"वहिनी, ही हळद नव्हे," मी मध्ये पडलो. "कंपनी बुडूही शकते."

"कारखाना बंद पडलाय?"

"नाही."

"मोटारी खपत न्हाईत?"

"खपताहेत. ऑर्डरी वाढल्यात."

"मग हाय त्ये राहू द्या. च्या घ्या तात्या."

हवालदारांनी एकदा पहारीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि गुमान खाली बसले. मला मात्र राग आला. बाईला बाजारातलं काय कळतं, असं पुटपुटत मी परतलो. पुढे भाव अठ्ठेचाळीसवर गेला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला थोडा आनंदच झाला. हवालदार रोज पेपर वाचून पेवाभोवती फेऱ्या घालायचे.

दोन वर्षांनी हळद तेजीत आली. पेव उघडलं, आतली कोंदट हवा जाऊ दिली, विझत नाही ना म्हणून आत कंदील सोडून पाहिला, मग माणूस उतरला. डब्याचं मेण तडकून आत हळद शिरली होती; सर्टिफिकेट पिवळंजर्द होऊन वर आलं. शेअर तेव्हा एकशे सत्तरवर होता. निम्मे विकून इंजिन आलं. ते पहिल्यांदा धडधडलं तेव्हा हवालदारांनी कडक सलाम ठोकला. इंजिनला नव्हे, पारूबाईंना.

त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांना एवढंच सांगतो, भाव पाहण्याआधी कारखाना पाहा.

माझ्याकडेही त्याच कंपनीचे वीस शेअर्स होते. हरिपूरहून परतल्यावर मी ते साठला विकले, अजून पडेल म्हणून थांबलो आणि शेवटी एकशे दहाला परत घेतले. दोन्ही सौद्यांची दलाली मात्र मला नियमाप्रमाणे मिळाली.