थांबेकाका

तिनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गुडघ्यांवर बसून विमानातला गालिचा साफ करत होते.

हँगरमध्ये एक छोटं पांढरं जेट उभं होतं. दार उघडं, पायऱ्या खाली सोडलेल्या. आत टक्कल पडलेले एक गृहस्थ व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड दोन खुर्च्यांच्या फटीत खुपसून पिस्त्यांची टरफलं ओढून काढत होते. टाय खांद्यावरून पाठीवर टाकलेला. ती त्या दिवशी सहवैमानिक म्हणून रुजू व्हायला आली होती. नवा गणवेश, नवे बूट, हातात कागदांची फाईल. तिनं दारातून विचारलं, "काका, कॅप्टन कुठे भेटतील?"

"जरा थांब," मान वर न करता ते म्हणाले, "एवढा कोपरा झाला की भेटतील."

कोपरा झाला. ते उठले, गुडघे झटकले, टाय पुढे घेतला, आणि तिला त्यांच्या खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्या दिसल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॉरी सर, मला वाटलं..."

"बरोबरच वाटलं. विमानात सर म्हण, खाली काका चालेल. आणि ते फडकं घे, खिडक्या राहिल्यात."

हँगरमधला मेकॅनिक त्यांना थांबेकाका म्हणायचा. बरेच दिवस तिला ते त्यांचं आडनावच वाटलं. मग एकदा तिनं पगाराच्या कागदावर खरं आडनाव पाहिलं आणि मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "अहो मॅडम, आयुष्यभर जो थांबला तो थांबेच की."

एका मालकाचं विमान चालवणं म्हणजे मुख्यतः वाट पाहणं, हे तिला हळूहळू उमगलं. सकाळी साहेबांना कुठल्यातरी गावी पोचवायचं आणि त्यांच्या बैठका संपेपर्यंत तिथल्या विमानतळावरच्या एका खोलीत, खचलेल्या सोफ्यावर, आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसून राहायचं. साहेबांचं 'चारला निघू' म्हणजे सहा, आणि 'उद्या निघू' म्हणजे आत्ता. काका खुर्चीत बसल्या बसल्या, बुटांसकट झोपू शकत आणि फोन वाजायच्या आधी त्यांचा डोळा उघडे. बाकी कामं होतीच. सामान चढवायचं, इंधन सांगायचं, हवामान बघायचं, साहेबांना लागते तशी कॉफी थर्मासमध्ये भरून घ्यायची.

"मोठ्या विमान कंपनीत एकेका कामाला एकेक खातं असतं," काका सांगत. "इथं सगळी खाती माझ्या खिशात. मुख्य वैमानिक मी, शिकवणारा मी, सुरक्षा अधिकारीही मीच. माझी तक्रार करायची झाली तर अर्ज माझ्याकडेच दे. मी माझी चांगली खरडपट्टी काढीन."

सगळे हसत. तीही हसे. तिला तिथं थोडेच दिवस काढायचे होते. ती परवाना घेऊन बाहेर पडली तेव्हा मोठ्या कंपन्यांची भरती बंद होती, म्हणून ही नोकरी. घरी आई रोज विचारायची, "मोठ्या विमानात कधी बसणार गं तू?" जणू ही खेळण्यातली विमानं होती.

काका स्वतः तरुणपणी मोठ्या विमानांवर होते. ते का सोडलं, हे तिला त्यांच्या घरी जेवायला गेली तेव्हा कळलं. मुलगा लहान होता, काकूंची तब्येत नाजूक, आणि हे आठवड्यातले निम्मे दिवस परगावच्या हॉटेलात. त्याच सुमारास साहेबांनी विमान घेतलं आणि शब्द दिला, तुम्ही रात्री घरीच झोपाल.

"शब्द पाळला हो त्यांनी," काकू म्हणाल्या. "पण मला विचारशील तर पहिलंच बरं होतं. तेव्हा महिन्याच्या ड्यूट्यांचा कागद आधी हातात यायचा. मुलाच्या वाढदिवसाला हे नसणार, हे मला आधी माहीत असायचं, मी मनाची तयारी करायची. आता घरात असतात, पण फोनला बांधलेल्या शेळीसारखे."

"बोकड तरी म्हण," काका म्हणाले.

"मग परत का नाही गेलात तिकडे?" तिनं विचारलं.

काकांनी घास खाली ठेवला. "तिकडं सगळा मान नंबराला. ज्या दिवशी रुजू झालीस, तो तुझा नंबर. कुठलं विमान, कुठली रजा, कॅप्टन कधी होणार, सगळं त्यावर. नोकरी सोडली की पाटी पुसली. परत जायचं तर पुन्हा पहिलीत, मागच्या बाकावर. मी ज्यांचे कान पिळले ती पोरं कॅप्टन, आणि मी त्यांच्या उजव्या हाताला, सहवैमानिकाच्या खुर्चीत. तेही कुणी घेतलं तर. या वयाला नवा विद्यार्थी कोण घेतो?"

"साहेब देवमाणूस आहेत म्हणून निभतंय," काकू म्हणाल्या, आणि ते काही तोंडदेखलं नव्हतं. काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी साहेब स्वतः दवाखान्यात येऊन बसले होते. साहेबांची म्हातारी आई दूरच्या एका लहान गावी राही. त्या म्हातारीनं काकांसाठी हातानं मफलर विणून पाठवला होता.

त्या घराशी काकांचे संबंध असे होते. म्हणूनच काकांनी तिला एक गोष्ट सुरुवातीलाच बजावली होती.

"साहेब विचारतील, 'जमेल का?' हो म्हण किंवा नाही म्हण. 'बघू' म्हणायचं नाही."

"का?"

"आपल्याला नाही म्हणायची लाज वाटते म्हणून आपण 'बघू' म्हणतो. विमेवाल्याला म्हणतो, नको असलेल्या स्थळाला म्हणतो. ऐकणाराही समजतो. पण ज्याच्या मालकीचं विमान आहे त्याला 'बघू'मध्ये 'हो'च ऐकू येतं. आणि एकदा निघाल्यावर वर जाऊन काय बघणार, कपाळ?"

मग थंडीतली ती सकाळ आली. साहेबांच्या आईनं रात्रीपासून अंथरूण धरलं होतं आणि डॉक्टरांनी बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं. साहेब हँगरमध्ये आले ते एकटे, दाढी वाढलेली, स्वेटर उलटा, पायात घरातल्या सपाता. तिच्या हातात हवामानाचा कागद होता. त्या गावावर धुकं दाटून बसलं होतं, दुपारपर्यंत हलायचं लक्षण नव्हतं. गाडीनं जायचं तर दिवस मोडणार होता.

"कॅप्टन, जमेल का?"

काकांनी कागद पाहिला. मग त्यांची नजर साहेबांच्या सपातांवर गेली आणि तिथंच राहिली.

"बघू, साहेब," ते म्हणाले.

तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते आधीच पायऱ्या चढत होते.

अशा हवेत उतरताना एक उंची ठरलेली असते. तिथवर खाली यायचं. तोवर धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही तर त्याच क्षणी वर. ती उंची आली की पुकारा करायचा, हे सहवैमानिकाचं काम. खिडकीबाहेर पांढऱ्या कापसाखेरीज काही नव्हतं. उंची आली.

"मिनिमम," ती म्हणाली. "काही दिसत नाही. वर चला, सर."

काकांचा हात हलला नाही.

"सर, वर."

"जरा," काका म्हणाले.

ते 'जरा' किती लांब होतं, हे तिला कधी सांगता आलं नाही. विमान खाली जात राहिलं. मग अगदी नाकासमोर दिव्यांची एक ओळ उगवली, थोडी डावीकडे. काकांनी विमान वळवून सरळ केलं आणि चाकं टेकली. मागून साहेबांचा आवाज आला, "देव तुमचं भलं करो." धावपट्टीच्या कडेला गाडी उभी होती. साहेब सपाता फटफटवत पळाले.

विमानतळावरच्या खोलीत दोघं बसले. काकांनी थर्मासमधली कॉफी ओतून कप तिच्यासमोर ठेवला.

"तू बरोबर बोललीस. दोनदा बोललीस. मी ऐकलं नाही. एवढंच लक्षात ठेव. उतरलो, हे विसरून जा."

"तक्रार कुणाकडे करायची, काका?" तिनं विचारलं. तिला ती जुनी थट्टा म्हणून करायची होती, पण तशी झाली नाही. काकाही हसले नाहीत.

मोठ्या कंपनीत विमानानं केलेलं सगळं यंत्रात नोंदलं जातं आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोलावून जाब विचारतं. इथं विचारणारं कुणी नव्हतं. साहेबांची आई त्या दुपारी गेली, मुलाला ओळखून, त्याचा हात धरून. काही दिवसांनी साहेबांनी सगळ्यांसमोर काकांना मिठी मारली. ऑफिसात गोष्ट पसरली, आमचा कॅप्टन धुक्यातसुद्धा सुईत दोरा ओवावा तसं विमान उतरवतो. जो तो पाठ थोपटायचा आणि काका दर वेळी विषय बदलायचे. घरी काकूंनाही त्यांनी काही सांगितलं नसावं, कारण काकू तिला कौतुकानं तीच गोष्ट सांगत राहिल्या.

थंडी सरायच्या आत पुन्हा तसंच धुकं पडलं, पुन्हा त्याच गावावर. या वेळी साहेबांबरोबर परगावचे दोन पाहुणे होते आणि तिथल्या कारखान्याचा मोठा करार व्हायचा होता. साहेबांनी 'जमेल का' विचारलंसुद्धा नाही. ते पायरीवर पाय ठेवत होते तेव्हा काका आडवे आले.

"नाही, साहेब. आज नाही."

"का? विमानाला काही झालंय?"

"धुकं आहे."

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "अहो, आईच्या वेळी याहून दाट होतं. उतरलो ना आपण?"

"उतरलो. चुकलं होतं ते माझं."

साहेबांचं हसू विरलं. त्यांनी पायरीवरचा पाय खाली घेतला आणि आवाज न चढवता विचारलं, "आईनं माझा हात धरला होता, कॅप्टन. ती चूक होती?"

काका पायरीसमोरून हलले नाहीत. ती शेजारीच उभी होती. तिनं हातातल्या हवामानाच्या कागदाची घडी घातली.

"गाडी काढा," साहेब ड्रायव्हरला म्हणाले.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. साहेब काकांशी पूर्वीइतकंच अदबीनं बोलत, फक्त कामापुरतं. उन्हाळ्यात ऑफिसचा मॅनेजर हँगरमध्ये आला आणि खुर्ची पुसून बसत म्हणाला, "साहेबांच्या मनात आता तरुण माणूस घ्यायचा विचार आहे. तुम्हीही खूप केलंत, आता आराम करा." काकांनी त्याला कॉफी दिली. मग पट्ट्या काढल्या, रुमालात गुंडाळल्या आणि नव्या माणसाला उपयोगी पडेल म्हणून, विमानाचं दार थंडीत अडकतं ते कसं उघडायचं, हे मेकॅनिकला पुन्हा एकदा दाखवून ठेवलं.

त्याच महिन्यात तिला मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. ती त्यांच्या घरी गेली.

"जाऊ का?"

"हे काय विचारणं झालं? जा. तिकडं वैमानिकाच्या पाठीमागं जाड दार असतं. दाराआड कुणाची आई आजारी आहे ते तुला कळत नाही. नाही म्हणणं सोपं जातं."

"इथलं काहीच चांगलं नव्हतं?"

"होतं की," काका म्हणाले. "इथं कळतं."

तिकडं सगळं त्यांनी सांगितलं तसंच निघालं. महिन्याचा कागद, नंबर, एकसारख्या हॉटेलांच्या एकसारख्या खोल्या. पहिल्याच थंडीत एका पहाटे धुक्यात खाली येताना तिनं पुकारा केला, "मिनिमम, काही दिसत नाही," आणि तिचं वाक्य संपायच्या आत शेजारच्या कॅप्टननं विमान वर उचललं. ते दुसऱ्या शहरी उतरले. प्रवाशांनी दाराआड आरडाओरडा केला असेल, तिला ऐकू आला नाही. कंपनीतून कुणी अवाक्षर काढलं नाही. हॉटेलच्या खोलीत ती बूट न काढता पलंगाच्या कडेवर बसून राहिली. त्या दीडेकशे माणसांत सपाता घालून निघालेलं कुणी होतं का, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

काकांनीही एका कंपनीत अर्ज केला होता. मुलाखतीला समोर बसलेल्या तिघांत त्यांचा जुना विद्यार्थी होता. ते आत गेले तसा तो उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला, काकूंची चौकशी केली. प्रश्न त्यानं एकही विचारला नाही, तेव्हाच काका समजले. सहवैमानिक म्हणून घेतलं तरी नव्या विमानाचं शिक्षण होईतो निवृत्तीचं वय येणार होतं, आणि ते हिशेबात बसत नव्हतं. विद्यार्थी त्यांना सोडायला थेट फाटकापर्यंत आला.

परवा ती सुट्टीत त्यांना भेटून आली. काकूंनी दार उघडलं, आणि आत वळता वळता हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते फोन उशाशी घेऊनच झोपतात अजून. मी काही बोलत नाही." काका आता एका भाड्याच्या विमानांच्या ऑफिसात बसतात, दुसऱ्या वैमानिकांसाठी हॉटेलच्या खोल्या आणि गाड्या ठरवायला. बसनं जातात, बसनं येतात. परवाना चालू ठेवायला वैमानिकाला ठरावीक मुदतीनं डॉक्टरी तपासणी करून घ्यावी लागते. यंदाची त्यांची तारीख गेल्या महिन्यात होती. ते गेले नाहीत.