ओकच्या झाडाखाली मरून शाल

ओकची झाडं बघायला आमच्या संत्र्यांच्या सौंसरहून कोणी जात नाही. आम्ही सहकुटुंब गेलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी शाळामास्तर. लग्नाला चार महिने झाले होते आणि बायकोशी, म्हणजे सुमनशी, मी अजून एकही गोड वाक्य बोललो नव्हतो. (घरात माणसंच इतकी, की "चहा दे" म्हटलं तरी तिघं उठायची!) अशात पांढुर्ण्याच्या एका वनस्पतिशास्त्राच्या सरांनी कुमाऊंच्या डोंगरात आठवडाभराची ओक-सहल काढली. धुकं, शेवाळलेली झाडं आणि सुमन! मी लगेच दोघांची नावं दिली. काकांना कळताच त्यांनी उरलेल्या सगळ्यांची दिली.

"एकट्यानं थंडीत मरता का?" काका म्हणाले. त्यांचं कापडाचं दुकान. मरून रंगाच्या गरम कापडाचा एक तागा कित्येक हिवाळे खपत नव्हता. तो फाडून त्यांनी घरातल्या सगळ्यांना एकसारख्या शाली केल्या. जामसांवलीच्या मारुतीला नमस्कार करून पांढुर्ण्याला गाडीत बसलो, तर लोक आम्हाला भजनी मंडळ समजून जागा देऊ लागले!

डोंगरात सर आम्हाला एकेका झाडाखाली उभं करायचे. "हा बांज ओक. हा खरसू ओक, याच्या पानांच्या कडा पाहा."

"याले लागते काय, सर?" काकूनं विचारलं. तिचं माहेर रामाकोन्याचं, संत्र्याच्या बागेतलं.

"टोपी घातलेलं छोटं फळ. खारी खातात, अस्वलं खातात."

"अन् माणसं?"

"माणसं बघतात."

"मंग एवढं मोठं झाड कायले वाढून राहिलं?" काकू म्हणाली. सर घाईनं पुढच्या झाडाकडे वळले.

मी मात्र हरवलो होतो. खोडांवर नेचे, फांद्यांवर मऊ शेवाळ, आणि धुकं उतरलं की झाडं हळूच जागा बदलताहेत असं वाटायचं. त्या जंगलाचा मला लोभच जडला. पण सुमनजवळ जावं, तर मध्ये कुणाची तरी मरून शाल उभी!

शेवटच्या दिवशी मी तिला कुजबुजलो, "सगळे समोर गेले का मोठ्या ओकच्या मागं थांब." (तिथले सगळेच ओक मोठे होते, हे मला सुचलं नाही.)

दाट धुकं आलं. माणसं पुढे गेली. एका खोडाला टेकून मरून शाल पाठमोरी उभी होती, डोक्यावरून घेतलेली. मी जवळ गेलो आणि एका दमात बोललो, "तू घरात आली तेव्हापासून शाळेत मन नाही लागून राहिलं माझं. फळ्यावर लिहिता लिहिता खडू थांबते. दुसरं काही नाही मागत. रोज एकदा माझ्याकडं पाहत जा."

शाल थरथरली. नाक ओढल्याचा आवाज आला. मी धन्य झालो! मग शाल वळली.

काकू! धाप लागली म्हणून टेकली होती.

"किती गोड बोलतं रे बाप्पा!" ती डोळे पुसत म्हणाली. "तुह्या काकानं तर 'भाजीत मीठ कमी' याच्यापुढं कधी काही म्हटलं नाही."

मी पळणार, तोच तिनं मनगट धरलं. "अन् हे त्या पोरीले कवा सांगशीन? सुमन! इकडं ये वो!"

पलीकडच्या ओकमागून सुमन आली. तिच्यामागून काका, सर आणि झाडून सगळ्या मरून शाली धुक्यातून उगवल्या. मी खोडावरचं शेवाळ नखानं खरवडू लागलो. शेवटी काकूनंच सुमनचा हात हातात घेऊन सगळं म्हणून दाखवलं, खडूसकट! सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं.

परतीच्या गाडीत मी धीर करून विचारलं, "आवडलं का? आता मी म्हणू?"

"नका हो," सुमन काकूच्या खांद्यावर डोकं टेकत म्हणाली. "काकूंसारखं तुमच्याच्यानं नाही होत."